सात नंबरचे पाणी

पाण्याचा नमुना घेतला की बाटली लगेच बर्फात ठेवायची आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची, हा नियम आमच्या समितीच्या हस्तपुस्तिकेत मीच लिहिला आहे. कारणही खाली दिले आहे. पाण्यातले जंतू गप्प बसत नाहीत. बाटली गरम राहिली तर ते आतले नायट्रेट खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांनी बाटलीतला आकडा जमिनीतल्या आकड्यापेक्षा बराच लहान निघू शकतो. म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा चांगले दिसते. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी हे दरवर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. त्यातल्या एखाद्याने जांभई दिली तर त्यालाच उभे करून पुन्हा सांगायला लावते.

समिती म्हणजे आम्ही तीन माणसे. अध्यक्ष भूजलाचे जाणकार, निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी रोज इस्त्रीचा सदरा घालून वेळेवर हजर. दुसरा आकडेवाला. त्याला आम्ही दशांश म्हणतो, कारण चहात साखर किती विचारले तरी तो दीड सांगतो आणि पावणेदोन पडली तर ओळखतो. तिसरी मी, रसायनवाली. पर्यावरण खात्याला एखादे धोरण ठरवायचे असले की ते आम्हाला प्रश्न विचारते आणि आम्ही उत्तर देतो. ते ऐकायचे की नाही हा खात्याचा प्रश्न, पण आमच्या कागदातला शब्द त्यांना बदलता येत नाही. स्वातंत्र्य म्हणतात ते आमच्या बाबतीत एवढेच आहे.

कचेरीही त्याच मापाची आहे. खात्याच्या इमारतीच्या मागच्या बाजूला, जुन्या फायलींच्या दालनापलीकडे दोन खोल्या. दार थोडे उचलून ढकलल्याशिवाय उघडत नाही. आमचे कोणी ऐकत नाही हा आमच्यातला नेहमीचा विनोद. अध्यक्ष म्हणत, "असं कसं, खूप उपयोग होतो. उपसचिवांच्या खोलीतली खिडकी वाऱ्यानं आपटते, तिला आपला अहवालच लावलाय." हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. सतरा महिने या विनोदावर मी निभावून नेले.

सतरा महिन्यांपूर्वी खात्याने विचारले होते की तळ्याकाठच्या वसाहतीत लोक बोअरचे पाणी पितात, ते चालू द्यावे का. वसाहतीच्या वरच्या अंगाला शेते, तिथले खत झिरपणार. खाली घरोघरी शोषखड्डे. नायट्रेटची मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला थोडे जास्त झाले तरी लगेच काही होत नाही, तान्ह्या मुलाला होते. रक्त प्राणवायू नेईनासे होते आणि ओठ निळे पडतात. एका शुक्रवारी मी एकटी जाऊन दहा बोअरचे नमुने घेतले. दशांश त्या दिवशी दाढदुखीने घरी होता.

सात नंबरचा बोअर वसाहतीच्या टोकाच्या घराच्या अंगणात होता. घरातली सून आठव्या महिन्याची गरोदर. तिने मला खुर्ची आणून दिली आणि मी बसेना तेव्हा स्वतःच बसली. आतून सासू ओरडली, "वाकू नकोस गं तिथं." ती वाकली नाही, पण मी बाटली भरत असताना झाकण मात्र तिने हातात धरले. झाकण उपडे धरायचे नसते, हे तिला सांगावे लागले नाही.

"चांगलं आहे ना हो पाणी?" तिने विचारले.

"तपासून कळवू," मी म्हणाले.

दहावी बाटली पेटीत ठेवली तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. ती वेळ मी पत्रकावर लिहिली, आणि लिहीत असतानाच माझ्या मुलीचा फोन आला. तिचे बाबा शाळेत, सातवीच्या वर्गात, फळ्यावर नकाशा काढता काढता कोसळले होते.

तळ्याकडून शहरात येताना एक चौक लागतो. तिथून डावीकडे प्रयोगशाळा पंधरा मिनिटांवर आणि उजवीकडे इस्पितळ. मी उजवीकडे वळले. कोणीही वळले असते. पुढचे दोन दिवस मी आणि मुलगी आळीपाळीने लोखंडी स्टुलावर बसलो. गाडी इस्पितळाच्या मागे उघड्यावर उभी होती, आणि उन्हाचे दिवस होते. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ते गेले. दुपारी सगळे उरकले. लोक आले, मुलीला जवळ घेऊन रडले, माझ्याकडे पाहून म्हणाले, बाई किती धीराची आहे.

धीर वगैरे काही नव्हता. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसे झाले होते. फरक एवढाच की दातवाल्याची सुई तासाभरात उतरते. माझी उतरली नाही. जेवण जात होते, झोप लागत होती, दशांशच्या विनोदाला हसूही येत होते, पण आत काही पोचत नव्हते. मुलगी दर रविवारी फोन करते. एकदा तिने विचारले, "आई, तू एकदा तरी रडलीस का गं?" मी म्हणाले, "वेळ नाही मिळाला." तिने फोन ठेवला आणि पुढच्या रविवारी केला नाही.

सोमवारी सकाळी गाडीची डिकी उघडली तर पेटी. बर्फाचे पाणी झाले होते आणि त्या कोमट पाण्यात दहा बाटल्या तरंगत होत्या. मी पाणी रस्त्याकडेला ओतले, पेटी पुसली आणि थेट प्रयोगशाळेत नेऊन दिली. सवा दहा वाजले होते. पत्रकात एक रकाना असतो, नमुना पोचला तेव्हाचे तापमान. तो भरताना तापमापी कोणीच बघत नाही. सगळेजण चार लिहितात. बर्फातली बाटली चारच असते, म्हणून वर्षानुवर्षे चार. मी पण चार लिहिले.

खिडकीवरच्या माणसाने पत्रकावरच्या तारखा पाहिल्या. तो मुरलेला माणूस, शुक्रवार ते सोमवार म्हणजे किती तास हे त्याला बोटे न मोजता कळते. एरवी त्याने बाटल्या परत केल्या असत्या. पण त्याला माझ्या घरची बातमी कळली होती. तो उठून उभा राहिला, "मॅडम, फार वाईट झालं," म्हणाला, आणि शिक्का मारला.

आकडे आले. सात नंबर त्रेचाळीस. बाकीचे तीस ते चाळीसच्या दरम्यान. आम्ही सल्ला दिला की पाणी मर्यादेत आहे, वापर चालू ठेवण्यास हरकत नाही. खाली तिघांच्या सह्या.

मला तेव्हा कळत होते का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. खरे उत्तर असे की ती पेटी पुसताना माझ्या डोक्यात पुस्तिकेतले पान एकोणीस, बर्फाचा नियम, आले होते. आले आणि गेले. त्याला धरून ठेवायला आत कोणी नव्हते.

या वर्षी पुन्हा नमुने घ्यायची वेळ आली तेव्हा मी सर्दीचे निमित्त काढून दशांशला पाठवले. तो मदतनिसाला घेऊन गेला, बर्फ दुप्पट नेला, आणि दोन तासांत बाटल्या प्रयोगशाळेत. सात नंबर एकाहत्तर आला. बाकीचेही त्याच हिशेबाने वर. दशांशने दोन्ही तक्ते माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"दहाच्या दहा बोअर एकदम असे चढत नाहीत," तो म्हणाला. "जमीन काही ठरवून वागत नाही. मागच्या वेळचं पत्रक काढा बघू."

मी काढले. माझ्याच अक्षरात शुक्रवार, दोन चाळीस. माझ्याच अक्षरात सोमवार, सवा दहा. माझ्याच अक्षरात चार. त्याने पत्रक वाचले, तारखेवर बोट ठेवले आणि मग त्याला ती तारीख कसली ते आठवले असावे, कारण त्याने बोट उचलले आणि चष्मा पुसत बसला.

"माझी चूक आहे," मी म्हणाले. "कळवू या."

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. "अकरा वर्षांत आपण एकही ओळ मागे घेतलेली नाही, बाई."

"मग ही पहिली."

"घेऊ. घ्यायलाच हवी. पण कारण तांत्रिक लिहू. तुमच्या घरच्या गोष्टी त्यांच्या फायलीत कशाला? उद्या आपल्या प्रत्येक अहवालावर ते तीच तारीख नाचवतील. आपल्याकडे दुसरं आहे काय, लोकांचा विश्वासच ना?"

मला वाद घालण्याइतके काही वाटत नव्हते. दुरुस्तीपत्र गेले. त्यात लिहिले होते की तांत्रिक कारणाने आधीचे आकडे ग्राह्य धरू नयेत, आणि तान्ह्या मुलांना हे पाणी ताबडतोब बंद करावे. ताबडतोबखाली मी रेघ मारली.

उपसचिव तरुण आणि फार नम्र. मला बसायला सांगून स्वतः उभे राहिले. "मॅडम, आधी त्रेचाळीस, आता एकाहत्तर. आम्ही कुठला धरायचा?"

"एकाहत्तर."

"आणि पुढच्या वर्षी तिसराच आला तर? तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? बाहेरच्या संस्थेकडून एकदा तपासून घेऊ. फाईल वर गेलीये." मग जरा घुटमळून म्हणाले, "तोवर वसाहतीत कोणी काही बोलू नये. तुमच्याच पुस्तिकेत आहे ते."

होतेच. पान चार. समितीने सल्ला खात्याला द्यावा, लोकांत जाऊन जाहीर करू नये. खात्याच्या दावणीला बांधून घ्यायचे नाही तसेच टाळ्याही मिळवायच्या नाहीत, म्हणून हा नियम. त्याच्या बाजूने मी हात वर केला होता आणि आजही करीन.

नऊ आठवडे गेले. दर सोमवारी मी फोन करायची, फाईल दर सोमवारी वरच असायची. दहाव्या आठवड्यात फायली आवरताना दशांशने भरलेले नवे पत्रक हाताला लागले. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे सहसा कोणी काही लिहीत नाही, पण दशांशला रकाना रिकामा बघवत नाही. एक नंबरपुढे 'पंप गंजलेला', चार नंबरपुढे 'कुत्रे चावरे'. सात नंबरपुढे लिहिले होते, 'घरात तान्हे मूल. वरचे दूध, पावडरीचे. पाणी वीस मिनिटे उकळून देतात.'

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि ते खाली उरते, एकाहत्तरचे ऐंशी होते, जास्तही होते. म्हणजे दहाही घरांत जी आई सगळ्यात जास्त काळजी घेत होती, तीच सगळ्यात वाईट पाणी पाजत होती. मी पर्स घेतली आणि दार उचलून ढकलले. वाटेत दुकानातून शुद्ध पाण्याचे चार कॅन डिकीत टाकले. पान चार आठवले, आणि या खेपेला आठवलेले टिकूनही राहिले. पण गाडी वळवावी असे वाटले नाही.

वसाहत होती तशीच होती. टोकाच्या घराच्या अंगणात दोरीवर लंगोट वाळत होते. बोअरच्या पंपामागे भिंतीवर एक कागद होता. जवळ जाऊन पाहिले तर आमचा अहवाल. पहिले पान आणि आकड्यांचा तक्ता. प्लॅस्टिकमध्ये घालून चारी कोपऱ्यांना खिळे मारले होते. सात नंबरच्या ओळीखाली कोणीतरी तांबड्या पेनाने रेघ ओढली होती. खाली माझी सही. अकरा वर्षांत आमचा कागद कोणी भिंतीवर लावलेला मी पाहिला नव्हता.

"मॅडम, ओळखलंत का?" मागून आवाज आला. "झाकण धरलं होतं मी."

तीच होती. वाळली होती. काखेत मूल आणि हातात दुधाची बाटली. ती पायरीवर बसली आणि मला पुन्हा खुर्ची दाखवली. या वेळी मी बसले.

"कागद बघताय होय? सासूबाईंनी शहरात जाऊन प्लॅस्टिक करून आणलं. आधी आमचे हे सायकलवरून दोन कॅन आणायचे रोज, पाण्याच्या टाकीवरून. घाटाचा रस्ता, दम लागायचा. खात्याकडून तुमचा कागद आला आणि ते बंद झालं बघा. तपासलेलं पाणी दारात असल्यावर कशाला जायचं."

तिने बाटली हलवली, मनगटावर एक थेंब टाकून पाहिला आणि बाळाच्या तोंडाशी नेली.

"देऊ नका ते," मी म्हणाले.

"गरम नाहीये. बघितलं ना आत्ता."

"तसं नाही. पाणी खराब आहे. लहान मुलाला चालणार नाही."

"उकळलंय हो. घड्याळ लावून वीस मिनिटं."

"उकळून वाढतं ते. कमी होत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग भिंतीकडे. "तिथं तर चांगलं लिहिलंय. तुमचीच सही आहे ना ती?"

"माझीच आहे. ते चुकलंय."

"असं कसं चुकेल? मशीन बिघडलं होतं?"

तांत्रिक कारण आयते समोर आले होते. हो म्हटले असते तर तिने ते मान्य केले असते. मशीन बिघडते हे सगळ्यांना पटते. पण मग नवे मशीन तरी कशावरून बरोबर, हेही तिने विचारले असते, आणि बाटली अजून तिच्या हातात होती.

"मशीन ठीक होतं," मी म्हणाले. "मी चुकले. इथून निघाले आणि फोन आला, माझे यजमान शाळेत पडले म्हणून. तुमच्या बाटल्या लगेच तपासायला द्यायच्या असतात. मी इस्पितळात गेले. दोन दिवस गाडी उन्हात उभी होती. रविवारी ते गेले आणि सोमवारी मी त्याच बाटल्या नेऊन दिल्या. गरम झाल्या की आकडा कमी येतो. मला ठाऊक असतं ते, माझं कामच ते आहे. कोणाला सांगितलं नाही. त्रेपन्न वर्षांचे होते. नकाशा काढत होते फळ्यावर."

शेवटची दोन वाक्ये का बोलले कोण जाणे. पाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. सतरा महिन्यांत मी ही गोष्ट पहिल्यांदा सलग सांगितली, आणि ती इतकी छोटी निघाली याचे मला नवल वाटले.

तिने बाटलीचे बूच फिरवून काढले आणि दूध अंगणातल्या मोरीत ओतले. सगळे ओतले, मग बाटली उलटी धरून झटकली. "मग आता काय देऊ?"

मी डिकीतून कॅन आणले. तिने एका हाताने पडवीतला गॅस पेटवला, नवे पाणी ठेवले. बाळाला मी घेतले. मुलगा होता, साडेतीन महिन्यांचा. मी पहिल्यांदा त्याचे ओठ पाहिले. गुलाबी होते. नंतर नखे पाहिली, तीही बरी होती. बरेचसे दूध आईचेच जात असणार, वरचे थोडे, म्हणून निभावले. हायसे वाटायला हवे होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला आणि तो जुळेना. सतरा महिन्यांपूर्वी आठवा महिना. म्हणजे त्या वेळचे मूल आता चालत असायला हवे.

"थोरलं कुठंय?" मी विचारले.

ती पातेल्याकडे बघत होती. "मुलगी होती. गेली ती. अडीच महिन्यांची असताना."

मी बाळाला घेऊन खुर्चीवर बसले.

"माझं दूध आटलं होतं, सगळं वरचंच चालायचं. ओठ निळे व्हायला लागले. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, पाणी कुठलं. मी फोनमध्ये ह्या कागदाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, मग पाण्याचं नाही, हृदयाचं असेल, वरच्या इस्पितळात दाखवा. तिथली तारीख मिळाली नऊ दिवसांनी." तिने आच कमी केली. "सातव्या दिवशी गेली."

मग ती माझ्याकडे वळली. "पाण्यानं गेली का, मॅडम?"

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही. रक्त तपासलेले नाही. हृदयाचा दोषही असू शकतो. हे सगळे बरोबर आहे आणि हे सगळे माझ्या जिभेवर आले, क्रमाने, मुद्दा एक, दोन, तीन. मांडीवरच्या मुलाने माझे बोट धरले होते. छातीत काहीतरी असे दुखले की मला वाटले आता आपणही पडणार. मग कळले की सुई उतरली आहे.

"बहुतेक हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली. रडली नाही. पाणी उकळले, तिने गॅस बंद केला आणि हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

"लिहून द्याल का तसं?"

"कोणाला दाखवायचंय? तक्रार करणार असाल तर करा. मी खरं सांगेन सगळीकडे."

"तक्रार नाही हो. घरात दाखवायचंय. सासूबाई म्हणतात, माझ्या हातात मूल टिकत नाही. आमचे हे तोंडानं बोलत नाहीत, पण बाळाला रात्री आपल्या आईजवळच निजवतात. आंघोळ मला एकटीला घालू देत नाहीत. आत्ता त्या शेजारी गेल्यात म्हणून माझ्याजवळ आहे." तिने भिंतीकडे पाहिले. "तुमचा कागद त्या मानतात."

पर्समध्ये दशांशच्या पत्रकाची घडी होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, गुडघ्यावर ठेवून, मी लिहिले. अकरा वर्षे मी खात्याला सल्ले लिहिले आहेत, एकेका ओळीसाठी दोन-दोन दिवस घातले आहेत. याला पाच मिनिटे लागली. तिने कागद घेतला आणि ओठ हलवत वाचला. एका जागी तिचे बोट थांबले.

"हे 'बहुतेक' काढता येणार नाही?"

मी विचार केला. खरेच केला. ती एका शब्दासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तो खोडायला माझ्या हातात पेन होते.

"नाही काढता येणार," मी म्हणाले. "ते काढलं तर हाही कागद खोटा होईल. पण खालच्या ओळी बघा. त्यांत 'बहुतेक' नाहीये."

तिने खालच्या ओळी वाचल्या आणि पुन्हा एकदा वाचल्या. तेवढ्यात फाटक वाजले. सासू आत आली, मला पाहून पदराने हात पुसले, बाळ माझ्या मांडीवर पाहून जरा थबकली. सुनेने उठून कागद तिच्यापुढे धरला. सासूने तो घेतला, सही कुठे आहे ते पाहिले आणि माझ्याकडे दिला.

"मला अक्षर लागत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच वाचा."

मी उभी राहिले. बाळ सुनेकडे दिले आणि वाचू लागले. "सात नंबरच्या बोअरचे पाणी तान्ह्या मुलांना घातक आहे. या घरातली अडीच महिन्यांची मुलगी बहुतेक या पाण्याने गेली." इथे माझा आवाज गेला. कागद दिसेना. सतरा महिन्यांचे रडू त्या परक्या अंगणात यायचे होते आणि ते आले. सासू सुनेकडे बघत होती आणि सून माझ्याकडे.

"वाचा, मॅडम," ती म्हणाली. "पुढचं वाचा."

मी डोळे पुसले आणि वाचले. "पाणी चांगले आहे असे आम्ही लिहून दिले होते, म्हणून ते पाजले गेले. यात आईची काहीही चूक नाही. चूक माझी आहे."